सोने मोडताना हिशेबाची चिठ्ठी हवीच

संपादक महोदय,

सोन्याचा भाव चढला की मुहूर्ताच्या खरेदीच्या बातम्या पहिल्या पानावर येतात. मात्र त्याच दिवसांत घरातला एखादा डाग, म्हणजे दागिना, रुमालात बांधून सराफाच्या पेढीवर मोडीसाठी (मोडून विकायला) किंवा गहाणासाठी जाणारी माणसेही असतात. मुलाचा कॉलेजप्रवेश, दवाखान्याचे बिल किंवा पेरणीच्या तोंडावर लागणारे बियाणे-खत, अशी निकड त्यांच्यामागे असते आणि त्या व्यवहारात त्यांच्या पदरात नेमके काय पडते, याविषयी फारसे लिहिले जात नाही. माझी नोकरी एका सहकारी बँकेच्या सोनेतारण विभागात झाली. बँकेत येण्यापूर्वी पेढीवर जाऊन आलेली, तिथला आकडा ऐकून गोंधळलेली कितीतरी माणसे मी काउंटरच्या पलीकडे पाहिली आहेत. त्या अनुभवावरून हे पत्र लिहीत आहे.

माझे म्हणणे एकच आहे. जो माणूस आपले सोने विकतो, त्याच्या हाती डाग आटवण्यापूर्वी एक चिठ्ठी पडली पाहिजे. तिच्यावर एकूण वजन, केलेली वजावट व तिचे कारण, कस (म्हणजे सोन्याची शुद्धता), तो काढण्याची रीत आणि धरलेला भाव हे पाचही आकडे लिहिलेले असावेत, आणि अशी चिठ्ठी देणे बंधनकारक व्हावे. आज सोने विकत घेणाऱ्याला कायद्याचे संरक्षण आहे, तारण ठेवणाऱ्यालाही बऱ्याच प्रमाणात मिळू लागले आहे. विकणारा मात्र तोंडी हिशेबावर अवलंबून आहे. शिवाय त्याचा पुरावा व्यवहार पुरा होताच मुशीत वितळून जातो.

मोडीची किंमत ठरते ती वजन, कस आणि भाव या तीन गोष्टींच्या गुणाकाराने. गुणाकार असल्यामुळे तिन्ही ठिकाणी थोडी थोडी कपात झाली, तर एकेक कपात किरकोळ वाटते. परंतु एकत्र परिणाम मोठा होतो. विकणाऱ्याला शेवटी फक्त एक रक्कम सांगितली जाते. ती कमी वाटली तरी कोणत्या टप्प्यावर कमी झाली हे त्याला कळत नाही, त्यामुळे वाद घालायचा तर कशावर घालायचा हेही कळत नाही.

वजनाचेच पाहू. आपल्याकडचे जुने डाग भरीव नसतात. बोरमाळेच्या पोकळ मण्यांत लाख भरलेली असते, कोल्हापुरी साजातही लाख असते, मंगळसूत्रात काळे मणी आणि दोरा असतो, नथीत मोती असतात. हे सारे सोन्याच्या वजनातून वजा करणे योग्यच आहे, त्याविषयी तक्रार नाही. तक्रार आहे ती वजावट अंदाजाने केली जाते याची. एक बाई सासूची बोरमाळ घेऊन आमच्याकडे आल्या होत्या. दोरा काढून तिचे वजन ३० ग्रॅम भरले. पेढीवर त्यांना सांगण्यात आले होते, की लाखेवरचा डाग आहे, तेव्हा तिसरा हिस्सा लाख धरायची, म्हणजे सोने २० ग्रॅम. आमच्या मूल्यांकनकारांनी बाईंची परवानगी घेऊन एकच मणी सोडवला. लाखेसकट तो ०.४८ ग्रॅम होता. स्पिरिटच्या दिव्यावर धरून लाख काढून टाकल्यावर रिकामे टरफल ०.३६ ग्रॅम भरले. एका मण्यात ०.१२ ग्रॅम लाख, मणी ६०, म्हणजे एकूण लाख ७.२ ग्रॅम आणि सोने २२.८ ग्रॅम. या कामाला फार वेळ लागला नाही. दहा ग्रॅमची वजावट आणि सव्वासात ग्रॅमची वजावट यांतला फरक मोजण्याची सोय पेढीवरही होती, पण कोणी मोजून पाहिले नाही आणि बाईंना तसा आग्रह धरता येतो हे ठाऊक नव्हते.

पुढचा टप्पा कसाचा. त्याच बोरमाळेचा कस पेढीवर २० कॅरट सांगितला गेला होता, तो आमच्याकडे २१ कॅरट निघाला. घरी मात्र सगळ्यांची समजूत बावीस कॅरटची होती. इथे सराफांची बाजूही मांडली पाहिजे: जुन्या डागात जितके जोड, तितका डाक (सांधे जोडायला वापरलेला धातू), आणि डाकातल्या मिश्रधातूंमुळे संपूर्ण डागाचा कस खाली येतो. त्यामुळे सोनाराने करताना बावीस कॅरटचा पत्रा वापरला असला, तरी तयार डाग आटवल्यावर बावीस कॅरट भरेलच असे नाही. अनेक डागांवर ‘केडीएम’ असा शिक्का दिसतो आणि लोक त्याला शुद्धतेची हमी समजतात. तो शिक्का मूळचा डाक कॅडमियमचा आहे एवढेच सांगतो. भारतीय मानक ब्युरोच्या हॉलमार्कशी त्याचा संबंध नाही.

कस काढण्याच्या रीती तीन आहेत आणि तिघींचे उत्तर सारखे येईल असे नाही. पहिली कसोटीची. काळ्या दगडावर डाग घासून रेघ काढायची, शेजारी माहीत असलेल्या कसाच्या सळीची रेघ काढायची, दोन्हींवर तेजाब (आम्ल) फिरवायचे आणि रंग किती टिकतो ते पाहायचे. मुरलेल्या सराफाची नजर यात थक्क करणारी असते. तरीही ती नजरच आहे, आणि व्यवहारात ज्याचे हित गुंतले आहे त्याचीच आहे. दुसरी रीत क्ष-किरणांच्या यंत्राची, ज्याला बाजारात कॅरटमीटर म्हणतात. ते झटपट उत्तर देते, आकडा पडद्यावर दिसतो, म्हणून ग्राहकाचा त्यावर विश्वास बसतो. पण ते वरच्या पातळ थरापुरतेच वाचते. जाड मुलामा असेल किंवा नेमक्या डाकाच्या जागी किरण पडला, तर आकडा बदलतो. म्हणून एकाच जागी नव्हे तर चार जागी तपासावे लागते. तिसरी आणि शेवटचा शब्द मानली जाणारी रीत भट्टीची. नमुन्यात चांदी मिसळून, शिशाबरोबर तापवून हलके धातू काढून टाकायचे आणि मग तेजाबात चांदी विरघळवून उरलेले शुद्ध सोने तोलायचे. हॉलमार्किंग केंद्रांत निर्णायक मानली जाते ती हीच.

या विद्येत मराठी माणसाचा हात कुणी धरू शकत नाही. सांगली जिल्ह्यातील विटा, खानापूर, आटपाडी परिसरातील गलाई कारागिरांनी दुष्काळी माळरान सोडून देशभरातील शहरांत दुकाने थाटली. जुने सोने-चांदी आटवून शुद्ध करण्याचा हा व्यवसाय त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला आहे. माझ्या गावाकडची ही माणसे असल्याने त्यांच्याविषयी मला अभिमान आहे. गलाईच्या दुकानात वावरलेल्या कोणालाही विचारा, तो सांगेल की सोने जळत नाही आणि गंजत नाही. मुशीतून लगड (आटवलेल्या सोन्याचा गोळा) बाहेर आल्यावर वजन कमी भरते, ते लाख, मळ, घाम आणि डाकातील हलके धातू गेल्यामुळे. तेव्हा लगड तोलून आणि तिचा कस काढून किंमत करायची असेल, तर ‘आटणीतली घट’ म्हणून आणखी दोन-तीन टक्के कापण्याला आधार उरत नाही. ती कपात तराजूने आधीच केलेली असते. कित्येक पेढ्यांवर आटणीआधी वजावट, आटणीत घट आणि त्यावर पुन्हा टक्केवारी अशी तिहेरी कपात होते. मला सर्वांत अन्यायाची वाटते ती हीच, कारण ती कारागिरीच्या भाषेत सांगितली जाते आणि समोरचा माणूस त्या भाषेपुढे गप्प होतो. मुशीच्या कडेला चिकटलेला कण कोणाचा, हा प्रश्नही कोणी विचारत नाही. सराफ कट्ट्यावरची धूळ गोळा करून, ती धुऊन झारेकरी पोट भरतात. एवढ्यावरून त्या कणांचे मोल लक्षात यावे.

आता वर सांगितलेल्या बोरमाळेचा हिशेब पुरा करतो. सोयीसाठी शुद्ध सोन्याचा भाव ग्रॅमला १०,००० रुपये धरू. आमच्या मोजणीप्रमाणे २२.८ ग्रॅम आणि २१ कॅरट, म्हणजे ०.८७५ या कसाने शुद्ध सोने १९.९५ ग्रॅम, किंमत १,९९,५०० रुपये. पेढीच्या मोजणीप्रमाणे २० ग्रॅम, २० कॅरट म्हणजे ०.८३३ या कसाने १६.६६ ग्रॅम, किंमत १,६६,६०० रुपये, आणि त्यातून दोन टक्के घट वजा जाता १,६३,२६८ रुपये. फरक छत्तीस हजारांहून अधिक. यातले कोणतेही पाऊल उघड फसवणूक म्हणून दाखवता येणार नाही. प्रत्येक ठिकाणी ‘अंदाज’ या शब्दाची ढाल आहे. अंदाज चुकतात हे मान्य. पण निव्वळ चूक असती, तर ती कधी विकणाऱ्याच्याही बाजूने झाली असती.

भावाविषयी थोडक्यात. पेढीवर फळ्यावर लिहिलेला भाव विक्रीचा असतो. मोडीचा भाव वेगळा असतो आणि तो सहसा लिहिलेला नसतो. डाग बदलून नवा घेणाऱ्याला पूर्ण भाव व रोख मागणाऱ्याला कमी, आमच्याच पेढीचा डाग असेल तर कपात नाही व दुसरीकडचा असेल तर आहे, अशा अटी ठेवण्याचा व्यापाऱ्याला अधिकार आहे. पण त्या आधी सांगितल्या पाहिजेत. खरेदीच्या वेळी दिलेली घडणावळ, वस्तू व सेवा कर आणि खड्यांची किंमत मोडीत परत मिळत नाही, हे लोकांनीही समजून घ्यायला हवे. मुंबईतील इंडिया बुलियन अँड ज्वेलर्स असोसिएशन ही १९१९ पासूनची संघटना आहे. ती वेगवेगळ्या कसाच्या सोन्याचे दर कामकाजाच्या दिवशी दोनदा जाहीर करते आणि ते मोबाइलवर कोणालाही पाहता येतात. त्या दराशी पेढीने सांगितलेला दर ताडून पाहिला, की निदान या टप्प्यावर तरी अंधार राहत नाही.

कायद्यातील विषमता आता पाहा. डाग विकत घेताना हॉलमार्क सक्तीचा आहे. जून २०२१ पासून ती सक्ती जिल्ह्याजिल्ह्यांत लागू होऊ लागली आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकांच्या विशिष्ट ओळखक्रमांकाशिवाय हॉलमार्कचा डाग विकता येत नाही. सांगितलेल्या कसापेक्षा सोने कमी निघाले, तर त्या फरकाच्या दुप्पट भरपाईची तरतूद मानक ब्युरोच्या नियमांत आहे. तारण ठेवणाऱ्यासाठी रिझर्व्ह बँकेने जून २०२५ मध्ये सविस्तर निर्देश काढले आणि त्यांच्या अंमलबजावणीसाठी १ एप्रिल २०२६ ही मुदत ठरवली. त्यांनुसार सोन्याची तपासणी कर्जदाराच्या समोर व्हायला हवी. खडे, कड्या-फासे यांसाठी केलेली वजावट त्याला समजावून सांगायला हवी. कस, एकूण वजन, निव्वळ वजन, वजावट आणि मूल्य लिहिलेले प्रमाणपत्र डागाच्या छायाचित्रासह दोन प्रतींत करायचे आहे. भावही मनाचा धरता येत नाही: मागील ३० दिवसांच्या बंद भावांची सरासरी किंवा आदल्या दिवसाचा बंद भाव, यांतला जो कमी तो घ्यायचा. कर्ज थकून लिलाव झालाच, तर राखीव किंमत (किमान बोली) चालू मूल्याच्या ९० टक्क्यांहून कमी ठेवायची नाही. दोनदा लिलाव फसला तरच ती ८५ टक्क्यांपर्यंत उतरवता येते. लिलावातून कर्जाहून जास्त आलेली रक्कम सात कामकाजाच्या दिवसांत मालकाला परत करायची आहे.

हे निर्देश वाचताना मला मनापासून समाधान वाटले, कारण आमच्या काळात चांगली बँक जे स्वतःहून करत होती ते आता सर्व बँकांना व वित्त कंपन्यांना करावे लागणार आहे. परंतु हे सारे कर्ज देणाऱ्या, रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखालील संस्थांपुरते आहे. पेढीवर डाग विकणाऱ्याला यातले काहीही लागू नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्येही ग्राहक म्हणजे वस्तू विकत घेणारा किंवा मोबदला देऊन सेवा घेणारा. स्वतःची वस्तू दुकानदाराला विकणारा त्या व्याख्येत सहज बसत नाही. म्हणजे ज्या बाईने बोरमाळ बँकेत ठेवली असती तिला प्रमाणपत्र, आणि जिला ती कायमची विकावी लागली तिला फक्त नोटा मोजून किंवा खात्यावर जमा झालेली रक्कम. ज्या व्यवहारातून वस्तू परत येण्याची शक्यताच नाही, त्याच व्यवहाराला कागद नसावा, हे मला कोणत्याही बाजूने समर्थनीय वाटत नाही.

सावकारी गहाणाची स्थिती या दोहोंच्या मधली आहे. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे सावकाराकडे परवाना हवा. व्याजाचे कमाल दर शासनाने ठरवून दिले: शेतकऱ्याला तारणी कर्जावर वर्षाला ९ टक्के व विनातारण १२ टक्के, इतरांना अनुक्रमे १५ आणि १८ टक्के. त्याहूनही जुना आधार म्हणजे भारतीय करार कायदा, १८७२. त्याच्या कलम १७६ प्रमाणे गहाण वस्तू विकण्यापूर्वी मालकाला वाजवी नोटीस द्यावी लागते आणि विक्रीतून येणे वसूल होऊन जे उरेल ते त्याचे असते. ‘मुदत संपली, डाग बुडाला’ हे वाक्य गावोगाव ऐकू येते, पण त्याला कायद्यात जागा नाही. प्रत्यक्ष विक्री होईपर्यंत पैसे भरून डाग सोडवण्याचा हक्क मालकाला आहे. यातूनच एक पळवाट निघते: व्यवहार गहाणाचा, पण पावती खरेदीची. कर्जदार पैसे घेऊन सोडवायला गेला की त्याला सांगितले जाते, तुम्ही तर डाग विकला होता. खरेदीच्या प्रत्येक व्यवहाराला तपशीलवार चिठ्ठी सक्तीची झाली, तर ही पळवाटही अरुंद होईल, कारण बाजारभावाच्या निम्म्या रकमेची ‘खरेदी’ कागदावर उघडी पडेल.

चांदीचे वेगळे सांगायला नको. तिथे डाकाचे प्रमाण जास्त, टंच (चांदीचा कस) काढण्याकडे दुर्लक्ष जास्त, आणि पैंजण-जोडवी मोडायला आणणारा माणूस बहुधा सर्वांत गरीब.

यावर सराफ व्यावसायिक काय म्हणतील याची मला कल्पना आहे, कारण त्यांच्यापैकी अनेकांशी माझा स्नेह आहे. पहिली अडचण ते चोरीच्या मालाची सांगतील. ती खरी आहे. चोरीचा डाग विकत घेतल्याच्या संशयावरून पोलीस पेढीवर येतात, आटवलेली लगड जप्त होते आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खालचे बालंट मागे लागते. पण विकणाऱ्याचे ओळखपत्र, डागाचे छायाचित्र व वर्णन असलेली चिठ्ठी हा प्रामाणिक सराफाचाच बचाव आहे. दुसरी अडचण वेळेची. वजन होतेच, कस काढला जातोच, हिशेब गणकयंत्रावर होतोच. तो कागदावर उतरवण्याला किती वेळ लागणार? तिसरी अडचण उघडपणे कोणी बोलून दाखवणार नाही, ती म्हणजे चिठ्ठी हाती आली की माणूस ती घेऊन शेजारच्या पेढीवर जाईल. त्याने तसे जावे, यासाठीच ती हवी आहे.

राज्य शासनाच्या अन्न, नागरी पुरवठा व ग्राहक संरक्षण विभागाकडे वैधमापन शास्त्र यंत्रणा आहेच. दर वर्षी काट्याची पडताळणी करून मुद्रांकन करण्याचे काम तिच्याकडे आहे. ग्रॅमला दहा हजारांच्या भावाने ०.१ ग्रॅमची चूक एक हजार रुपयांची असते. म्हणून काटा काचेच्या पेटीत, पंख्याच्या वाऱ्यापासून दूर आणि ज्याचा डाग त्याला आकडा दिसेल असा ठेवण्याची अट तपासणीत घालणे अवघड नाही. त्याच तपासणीत मोडखरेदीच्या चिठ्ठ्यांचे पुस्तकही पाहता येईल. मानक ब्युरोने मान्यता दिलेल्या हॉलमार्किंग केंद्रांत सामान्य माणसालाही आपला जुना डाग तपासून घेता येतो. चार नगांपर्यंतचे शुल्क दोनशे रुपयांच्या आसपास आहे, पण ही सोय आहे हेच बहुतेकांना माहीत नाही आणि केंद्रे तालुक्याच्या गावी क्वचितच सापडतात. निदान प्रत्येक पेढीवर जवळच्या केंद्राचा पत्ता मराठीत लावण्याचा आदेश शासन उद्याही काढू शकेल.

तोवर आपल्या वाचकांना एवढी विनंती, की डाग मुशीत जाण्याआधी काट्यावरील आकड्यासह त्याचे छायाचित्र मोबाइलमध्ये घ्यावे, वजावटीचे कारण आणि कस कागदावर लिहून मागावा, आटणी करायची असल्यास समोर करून घ्यावी, आणि लगड तोलल्यानंतर पुन्हा ‘घट’ सांगितली गेली तर ती कशाची, हे विचारावे. सराफ संघटनांना माझी मागणी अव्यवहार्य वाटत असेल, तर वजन, वजावट, कस, रीत आणि भाव या पाचांपैकी कोणता रकाना भरणे त्यांना शक्य नाही आणि का, याचे उत्तर त्यांनी याच स्तंभातून द्यावे.

आपला नम्र,
एक निवृत्त सहकारी बँक कर्मचारी,
विटा, जि. सांगली